मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की टॉप स्पीड घटतो

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला घरी गो-कार्ट (छोटी रेसिंग गाडी) बनवायचा लेख वाचला. आवडला, पण एक गोष्ट साफ उलटी छापलीये, 'मागचं स्प्रॉकेट मोठं लावा, स्पीड वाढेल'. अहो, पिकअप वाढतो, टॉप स्पीड कमी होतो!

स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, पुढचं इंजिनच्या क्लचवर, मागचं चाकांच्या ॲक्सलवर. हिशोब अगदी सोपा आहे. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ॲक्सलवर ६० आणि क्लचवर १२ असतील तर रेशो ५, म्हणजे इंजिन पाच वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. इंजिन ३६०० आरपीएमचं धरलं तर चाकाचे मिनिटाला ७२० फेरे. आता टायरचा घेर. तो टायरवर छापलेल्या आकड्यावरून काढू नका, माणूस बसला की टायर थोडा दबतो. चालवणाऱ्याला बसवा, टायरला खडूची खूण करा, एक पूर्ण फेरा ढकला आणि जमीन टेपने मोजा. माझ्या कार्टचा ८६ सेंटीमीटर आला, त्याला ७२० फेऱ्यांनी गुणलं की ताशी साधारण ३७ किमी. मागे ४८ दाते लावले तर रेशो ४ आणि तेच इंजिन कागदावर ४६ दाखवतं.

कागदावर म्हणतोय कारण मी नेमकं तेच करून बसलो होतो. ४८ लावलं, पोराला बसवलं, आणि कार्ट जागेवरून हलेना, हललं तरी वळणातून बाहेर पडताना नुसतं घुंऽऽ करत रांगायचं, सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा) पकडायच्या ऐवजी घसरत राहिला आणि दहा मिनिटांत जळका वास. उघडून बघितलं तर क्लचचा ड्रम निळा पडलेला. इंजिनात दम नसेल तर रेशो कमी करून स्पीड मिळत नाही, क्लच मात्र जातो.

मग रेशो निवडायचा कसा? ट्रॅकचा सगळ्यात लांब सरळ पट्टा बघा. ब्रेक मारायच्या जरासं आधी इंजिन पूर्ण आरपीएमला पोचलं पाहिजे. अर्ध्यातच किंचाळायला लागलं तर मागचे दोनतीन दाते कमी करा, शेवटपर्यंत पोचलंच नाही तर वाढवा. आणि घाईघाईने पुढचं स्प्रॉकेट बदलू नका, तिथला एक दाता म्हणजे मागचे पाचसहा. १२ चं ११ केलं की रेशो ५ वरून थेट ५.४५, ३७ चे ३४ किमी झाले.

चेनबद्दल लेखात काहीच नाही. ३५ नंबरची चेन २१९ च्या स्प्रॉकेटवर बसत नाही, पिच (चेनच्या लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) वेगळा असतो, आणि दाते बदलले की इंजिन सरकवून चेनचा ताण परत लावावा लागतो.

तेवढं ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करा, नाहीतर कुणीतरी मागे ७२ चं स्प्रॉकेट लावून स्पीड का येईना म्हणून कार्बोरेटर खोलत बसेल.

आपला,
एक वाचक