ताडपत्रीखालचा कोपरा

अंबड, २१ मे

प्रिय वसंता,

तुझे तीन फोन वाजू दिले. मोबाइल बिघडला नव्हता, तोंडच नव्हतं. घरी सगळे बरे. माझी शुगर आहे तशी, आईचा गुडघा आहे तसा.

तर ऐक, तळं कोरलं. निजामाच्या काळातलं आपलं तळं. दिवाळीत तू बजावून गेलास, ‘मी गाळाचा उभा नमुना काढायची नळी घेऊन येईपर्यंत फावडं लागू देऊ नको.’ मी म्हणालो होतो, ‘काळजीच सोड.’

यंदा एप्रिलातच विहिरींनी तळ दाखवला. ग्रामसभेत गाळ काढायचं ठरलं, तिथं मी काय बोलू? ‘थांबा, गोव्याहून मित्र येतोय, त्याला चिखलातल्या तारखा वाचायच्यात’? बबन्यानं मला तिथंच पुरलं असतं, हजार वर्षांनी तुझ्याच नळीत निघालो असतो. आणि खरं सांगू? पहिल्या बारा ट्रॉल्या माझ्याच मोसंबीला पडल्या. झाडं जगतील बहुतेक. तेच जास्त टोचतं.

तिसऱ्या दिवशी जेसीबीनं उभी कड धरली. ऊन तिरपं होतं. गाळात पट्टे दिसायला लागले, काळा, करडा, पुन्हा काळा. कमरेइतकं खाली बोटभर जाड पांढुरका पट्टा, नुसत्या गोगलगायींच्या शंखांचा. त्याच्याखाली भेगा, वरच्या मातीनं भरलेल्या. म्हणजे तळं एकदा पार वाळलं होतं. मला अण्णा दिसले. बहात्तरला याच तळ्याच्या बांधावर खडी फोडायचे, सुकडी खाऊन.

हा तोच थर का रे? तू असतास तर सांगितलं असतंस. गाळातलं ते किरणोत्सारी शिसं बावीसेक वर्षांत निम्मं होतं, त्यावरून शे-सव्वाशे वर्षं मागं जाता येतं. अणुचाचण्यांचं सीझियम १९६३ च्या सुमारास सगळ्यात जास्त. ते पट्ट्याच्या जरा खाली लागलं तर पट्टा बहात्तरचा. वर लागलं तर आधीचा, कुणाच्या आठवणीतही नसलेला दुष्काळ. आता वरचं खाली नि खालचं वर होऊन सगळं माझ्या आळ्यांत पडलंय. त्यातून मोसंबी निघेल, साल निघणार नाही.

मंठ्याच्या फाट्यावरचं भांडण आठवतं? लोणार बघून परतत होतो. तू सांगत होतास, तिथल्या दहाएक मीटर गाळात गेलुसाइटचे स्फटिक आहेत, पाणी फार खारं झालं की बनतात. त्यावरून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा मोठा कोरडा काळ कळला. शिवाय गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या चिखलात आपल्याकडच्या पानांचं मेण, तेही म्हणतं की चार हजार वर्षांपूर्वीपासून रान कोरडं होत गेलं. मी म्हणालो, समुद्राला काय कळतं आमचं रान! त्यावर तूच म्हणालास की कार्बनवरून वय काढायच्या हिशोबात समुद्रातला शिंपला मेल्या दिवशीच चारशेएक वर्षांचा भरतो, तेवढे वजा करावे लागतात. मी म्हटलं, मग समुद्र म्हणजे आपले हेडमास्तर, आख्ख्या वर्गाची जन्मतारीख १ जून! तू इतका तापलास की चहाचे पैसेही दिले नाहीस. ते तीस रुपये अजून येणं आहेत. पण मेण समुद्रानं नीट ठेवलंय, एवढं मानतो. आम्ही घरातलंच उधळलं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? पोरीला दहावीत किती पडले? आणि जहाजावर अजून उलट्या होतात का, की सवय झाली?

आता कामाचं. मोरीजवळ बाभळीखाली दोन हात रुंद कोपरा उभा आहे, तिथं जेसीबी वळत नाही. त्यात तो पट्टा दिसतो. ताडपत्री टाकून वर दगड ठेवलेत. ओला ठेवू का वाळू देऊ, लगेच कळव. मृगाच्या पहिल्या सरीत कड ढासळेल, त्याआधी ये. बबन्याला सांगितलंय की खाली नाग आहे, पण तो दुपारी तिथंच म्हशी बांधतो. तेव्हा सकाळच्या गाडीनं ये.

तुझा,
दिगू