परीक्षणात गाडीच्या पोटाखालचेही येऊ द्या

महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वाहन पुरवणीत नव्या क्रॉसओव्हर (कारच्याच सांगाड्यावर बांधलेल्या उंच) गाड्यांची परीक्षणे नियमित येतात. चौकटीत इंजिनाची ताकद, शून्य ते शंभरचा वेळ, पडद्याचा आकार, ग्राउंड क्लिअरन्स असे सगळे असते आणि चाके १८ इंची असली की ‘स्पोर्टी’ हे विशेषण ठरलेले. गाडी वळणात कशी उभी राहते, हे मात्र एका ओळीत उरकलेले असते: ‘सस्पेन्शन थोडे कडक, पण बॉडी रोल कमी.’ या एका ओळीत दोन गैरसमज आहेत, म्हणून हे पत्र.

आधी रोलचे, म्हणजे वळणात गाडी बाजूला झुकण्याचे. गाडी वळली की आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, म्हणजे ट्रॅक, यांवर ठरते. दीड टनाची गाडी, ट्रॅक १५६ सेंमी, गुरुत्वमध्य ६५ सेंमीवर आणि वळणाचा जोर ०.५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा) धरा. १५०० गुणिले ०.५ गुणिले ६५, भागिले १५६, उत्तर साधारण ३१२ किलो. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना ७५०-७५० होते. वळणात आत ४३८ आणि बाहेर १०६२ झाले. तेवढ्याच वजनाच्या ठेंगण्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर असेल, तर २६४ किलोच सरकतात. या हिशेबात स्प्रिंग नाही, अँटी-रोल बारही (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा, झुकणे कमी करणारा दांडा) नाही. बार जाड केला की गाडी झुकते कमी. सरकणारे वजन जवळपास तेवढेच राहते. आणि टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. बाहेरचा टायर जेवढे कमावतो, त्याहून जास्त आतला गमावतो. उंच गाडी मार खाते ती इथे.

मग बार करतो काय? वाटणी. सरकणाऱ्या वजनातले पुढच्या चाकांच्या जोडीवर, म्हणजे अ‍ॅक्सलवर किती आणि मागच्यावर किती, हे तो ठरवतो. मर्यादा ओलांडलीच तर आधी पुढची चाके घसरावीत, शेपूट फिरू नये, अशा बेताने कारखान्यात ही वाटणी केलेली असते. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिमीच्या जागी २४ मिमीचा बार टाकला, तर दिसायला फरक २ मिमीचा, कडकपणात सुमारे ४२ टक्क्यांचा. असा जाड बार फक्त पुढे बसवून घेतला की गाडी सपाट वळते आणि मालक खूश होतो. पण पुढचे आतले चाक आता आणखी हलके झालेले असते. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की ते जागेवर फिरू लागते, आणि साधा डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारी यंत्रणा) दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देत असल्याने बाहेरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू लागले की आवरणारी यंत्रणा) मग आतल्या चाकाला ब्रेक लावून वेळ मारून नेतो. शिवाय एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो. आत बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात ती त्यामुळे.

ट्रॅकला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागले, तर वरच्या उंच गाडीचे उत्तर १.२ येते आणि ठेंगणीचे १.४२. अमेरिकेतील एनएचटीएसए ही संस्था गाडी उलटण्याच्या धोक्याचे तारांकन करताना २००१ पासून हाच भागाकार विचारात घेते. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. त्यात छतावर ५० किलो सामान बांधले की आपल्या उदाहरणातला गुरुत्वमध्य साधारण साडेतीन सेंटिमीटर वर सरकतो. रूफ रेलची भार मर्यादा कंपनी उगाच छापत नाही.

आता ‘कडक’ या शब्दाचे. पुष्कळदा तो कडकपणा स्प्रिंगचा नसतोच, टायरचा असतो. २१५/६० आर १६ (रुंदी २१५ मिमी, भिंत रुंदीच्या ६० टक्के, रिम १६ इंची) टायरची बाजूची भिंत १२९ मिमी उंच असते. २१५/५५ आर १७ ची ११८, आणि २१५/५० आर १८ ची १०७ च्या आसपास. तिन्ही टायरांची एकूण उंची जवळपास सारखीच, पण १६ वरून १८ वर जाताना रबर आणि हवेची २१ मिमी गादी गेली. खड्ड्याच्या काठावर रिम वाकते ती अशाच गाड्यांची. परीक्षणाला मिळते ती बहुधा सर्वांत महागडी, मोठ्या रिमची गाडी. वाचक घेतो खालचे मॉडेल, १६ इंची चाकांचे. म्हणजे तो वाचतो एका गाडीबद्दल आणि चालवतो दुसरीच. टायरचा आकार आणि थंड असताना मोजलेली हवा, एवढे दोन आकडे तरी चौकटीत हवेत.

 

ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल (चारही चाकांना इंजिनाचा जोर देण्याबद्दल) तर फारच सैल लिहिले जाते. बहुतेक क्रॉसओव्हर नेहमी पुढच्या चाकांवरच चालतात. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी तेलात बुडालेल्या क्लच प्लेट असतात. पुढची चाके फिरू लागली, किंवा फिरतील असे कंट्रोलरला वाटले, की त्या दाबल्या जाऊन मागे टॉर्क जातो. चढावर, चिखलात, ओल्या रस्त्यावर निघताना याचा खरा उपयोग. ब्रेक मारताना मात्र काडीचाही नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात आणि गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. वाळूत चाके मिनिट-दोन मिनिटे नुसती फिरवत राहिलात, तर तेल तापते, यंत्रणा स्वतःला वाचवायला क्लच सोडते आणि गाडी पुन्हा पुढच्या दोन चाकांवर येते. अशा वेळी थांबून तेल निवू द्यावे, टायरची हवा कमी करावी आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, कारण वाळूत तो नेमका हवा असलेला जोर कापतो. बाहेर आल्यावर हवा पुन्हा भरायची आणि कंट्रोल चालू करायचा.

याच क्लचला मारणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दोनच टायर बदलणे. पुढे ३ मिमी नक्षी उरलेले आणि मागे ८ मिमीचे नवे असले, तर त्रिज्येत ५ मिमीचा फरक पडतो. चाकाच्या भाषेत दर किलोमीटरला सुमारे ७ फेऱ्या. क्लच दाबलेला असताना हा फरक प्लेटांनाच घासून सोसावा लागतो. म्हणून अशा गाडीचे चारही टायर एकत्र बदलावेत, नाहीतर पुस्तिकेत दिलेली फरकाची मर्यादा पाळावी. दोनच चाकांवर चालणाऱ्या गाडीला दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे टाकावेत, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी.

राहिले ग्राउंड क्लिअरन्स. छापला जाणारा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा. मागे तिघे आणि सामान मिळून मागच्या अ‍ॅक्सलवर २५० किलो आले आणि प्रत्येक चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला ३ किलो धरला, तर मागची बाजू ४० मिमीच्या वर बसते. पोट घासू लागले की मालक स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर बसवून घेतो. बफर जिथे बसतो तिथली वेटोळी काम करणे थांबवतात, उरलेल्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग बफरच्या कडेलाच तुटते. शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी जुळवलेला असतो. कडक झालेल्या स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही. शॉकअप गेला की नाही, हे बॉनेट दाबून हल्ली नीट कळत नाही. टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवावा. ठरावीक अंतराने खोलगट चट्टे हाताला लागले तर संशय घ्यावा. बदलायचे ते एका अ‍ॅक्सलचे दोन्ही.

गॅरेजमधली सर्वांत महाग पडणारी चूक लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशची, म्हणजे रबरी सांध्याची. गाडी लिफ्टवर, चाक लोंबकळलेले, आणि मेकॅनिक बोल्ट तिथेच पूर्ण आवळतो. बुशची आतली नळी त्या स्थितीत जखडली जाते. गाडी खाली आली, आर्म वर गेला की रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नवा बुश काही महिन्यांत ‘खटखट’ करू लागला की दोष मालाला दिला जातो. बोल्ट हातानेच बसवावा, गाडीचे वजन चाकांवर येऊ द्यावे, मगच टॉर्क रेंचने आवळावा. त्यानंतर अलाइनमेंट, आणि पुस्तिकेत सांगितले असेल तिथे स्टिअरिंग अँगल सेन्सरचे शून्य नव्याने लावणे. ते राहिले, तर गाडी सरळ चालली असताना ईएससीला (घसरणारी गाडी ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेला) ती वळते आहे असे वाटू शकते.

१९९७ मध्ये मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाच्या झटपट लेन-बदल चाचणीत उलटली. कंपनीने सस्पेन्शन बदलले आणि ईएसपी (ईएससीलाच मर्सिडीजने दिलेले नाव) सर्व गाड्यांना सरसकट दिले. आपल्या परीक्षकांनी कुठलीही गाडी उलटवून दाखवावी असे आमचे म्हणणे नाही. पाच माणसे आणि सामान भरून, टायरची हवा पुस्तिकेत पूर्ण भारासाठी दिलेली ठेवून एक फेरी मारावी, आणि त्या वेळी मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची किती भरली, तेवढे चौकटीत छापावे.

आपले,
चॅसिस व सस्पेन्शनच्या कामातले दोन वाचक