कावळ्याला दिलेला शब्द : केजीएफहून मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. केंद्रीय मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचा, म्हणजे केजीएफचा, सोन्याच्या खाणीच्या गावचा. मराठीत का लिहितोय म्हणाल तर कन्नडात अर्ज करून झाले, इंग्रजीत झाले, शेजारच्या पोरानं तमिळमध्येही एक लिहून दिला, आता ज्या भाषेत घरात भांडतो त्याच भाषेत लिहितो. शहाजीराजांकडे कोलारची जहागीर होती तेव्हापासून या भागात मराठी घरं आहेत, आमचं त्यातलंच असं आजी सांगायची, खरंखोटं तिलाच ठाऊक.

तुम्ही कामात असता म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात माझे आप्पा गेले. दहाव्याला गावाबाहेरच्या तळ्यावर पिंड ठेवला आणि वारा सुटला. वारा सुटला की आमच्याकडे काय होतं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही, खाणीतून काढलेल्या दगडाची, सोनं काढायला सायनाइड लावून उरलेली पूड डोंगराएवढी पडलीय, आम्ही त्याला डंप म्हणतो, ती सगळी उठते. पांढऱ्या भातावर करडी पिठी बसली. समोर झाडावर पाच-सहा कावळे, पण एक खाली येईल तर शपथ. पाऊण तास गेला. आईला सांभाळतो म्हणून झालं, बहिणीचं बघतो म्हणून झालं. शेवटी काका कानात म्हणाले, अरे फाईलचं बोल. मी हात जोडले, म्हटलं आप्पा, तुमची फाईल मी सोडवतो. दोन मिनिटांत कावळा शिवला.

आता ही फाईल काय, तर आप्पा चॅम्पियन रीफ खाणीत टिंबरमन होते, खाली छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लावायचे. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली, त्यानंतरच्या हिशोबातली काही रक्कम राहिली. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, उगाच तिथल्या शिपायाची बदली कराल आणि म्हणाल कारवाई केली. तेवीस वर्षं आप्पा तिथे जात होते. शेवटची चार वर्षं जिना चढता येईना, खोकत खालीच बसायचे, मी वर जायचो. उत्तर ठरलेलं, फाईल सापडत नाहीये, पुढच्या महिन्यात या.

साहेब, याच खाणीत 1965 साली मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो पकडला, जमिनीखाली दोन किलोमीटरपेक्षा खोल. जो कण डोळ्याला दिसत नाही, पृथ्वीतून आरपार जातो, तो आमच्याकडे सापडतो. आणि पहिल्या मजल्यावरच्या गोदरेजच्या कपाटातली फाईल सापडत नाही.

लहानपणी रात्री अचानक मांडणीवरची भांडी वाजायची. खाली रॉकबर्स्ट, दाबानं खडक फुटलेला. भांडी वाजली की आई पदर खोचून अनवाणी शाफ्टकडे, म्हणजे खाणीच्या तोंडाकडे धावायची, लाइनमधल्या, म्हणजे कामगारांच्या चाळीतल्या सगळ्याच बायका धावायच्या. माणसं आणणारा पाळणा वर आला की प्रत्येक जण आपला माणूस शोधायचा. तीन किलोमीटर खोल, खडक साठ डिग्रीच्या वर तापलेला, तिथून माणूस वर येतो आणि म्हणतो, जेवायला काय आहे.

सव्वाशे वर्षांत 800 टनांच्या वर सोनं निघालं म्हणतात. आजच्या भावानं गुणायला गेलो तर माझ्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा मावेना. त्यातलं आमच्या घरात किती, तर आईचं मंगळसूत्र, तेही दोनदा गहाण पडून आलेलं. 1902 ला शिवनसमुद्र धबधब्याची वीज आली आमच्याकडे, बंगळूरच्याही आधी! खाणीला वीज लागत होती ना. आणि त्याच वसाहतीत नव्वदीपर्यंत कोरडे संडास, माणसं हातानं मैला उचलायची. ही प्रथा बंद व्हावी म्हणून लढणारे, मॅगसेसे मिळालेले बेजवाडा विल्सन इथलेच, त्याच वस्तीतले. सत्कार करताना गाव कुठलं ते विचारलं होतं का कोणी?

मागच्या वर्षी एक पाहुणे येऊन गेले, नाव नको. डंपवर उभं राहून, नाकाला पांढरा रुमाल लावून म्हणाले, पावसाळ्याआधी इथे झाडं लावू, रोज पाणी मारू. झाडं सोडा, तो रुमाल पण परत न्यायला विसरले.

बरं, 2024 च्या जूनमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं तुमच्या केंद्राच्या प्रस्तावाला हो म्हटलं, 13 डंप, हजारएक एकर, त्यातून परत सोनं काढायचं. माल किती, तर कोणी म्हणतं सव्वातीन कोटी टन, कोणी साडेतीन, टनाला एक ग्रॅमसुद्धा सोनं नाही तरी परवडतं म्हणे. म्हणजे इतकी वर्षं आमच्या भातात पडत होती ती धूळ होती, आता ती संपत्ती झाली. मग आप्पांच्या छातीत जी साठली होती तिचा पण हिशोब करा की, ती कोणत्या टेंडरमध्ये बसते? डॉक्टर कधी दमा लिहायचे कधी टीबी, सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा छातीचा आजार, कोणी लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की भरपाई लागते. सगळीकडे हेच, कोळसा असो, दगडखाण असो, वरचा माल मोजतात आणि खालचा माणूस हजेरीपुरता.

मागण्या म्हणाल तर डंप उकरायच्या आधी धुळीचा बंदोबस्त, जुन्या कामगारांची छातीची तपासणी, आणि लाइनमधल्या दहा बाय दहाच्या घरांचे कागद. पहाटे मारिकुप्पम स्टेशनहून बंगळूरची गाडी पकडायला जी गर्दी असते ना, ती याच घरांतली, नातू सिक्युरिटीत आणि सुना हाउसकीपिंगला. मी पण त्यातच, उभ्यानं झोपायची सवय झालीय.

सोमवारी रजा टाकून त्या कार्यालयात परत जातोय. फाईल नंबर हवा असेल तर फोन करा, आप्पांसारखा मलाही आता तोंडपाठ झालाय.

आपला,
एक टिंबरमनचा मुलगा,
चॅम्पियन रीफ्स, केजीएफ