कोरियन कान कसा ऐकतो हे शिकवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सादर नमस्कार.

कोरियन विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी संभाषण आणि उच्चार शिकवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहितोय. ते उघडपणे लिहायचं कारण म्हणजे उच्चार शिकवण्यावरची तुमची टिपणं आमच्यापुरती राहू नयेत. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, माणगावजवळ पोस्को, त्यामुळे पुण्याच्या परिसरातल्या शिक्षकांचा कोरियन कुटुंबांशी संबंध येतोच. पुढे तेच विद्यार्थी मायदेशी परतले की शिकवणी व्हिडिओ कॉलवर सुरू राहते. काम वाढतं, पण उच्चारांच्या बाबतीत बहुतेक जण अंदाजाने चालतात. ‘त्यांना एफ येत नाही, झेड येत नाही’ एवढ्या भांडवलावर तास घेतले जातात.

तुम्ही आम्हाला उलट्या बाजूने सुरुवात करायला लावलीत, आधी शिक्षकाच्या तोंडापासून. कोरियनमध्ये प, त, क यांचे तीन-तीन प्रकार आहेत: साधा, हवेचा झोत असलेला आणि घसा आवळून केलेला. आपण मराठी माणसं इंग्रजी ‘पेन’ किंवा ‘टेन’ हवा न सोडता म्हणतो, आणि कोरियन कान ते थेट आवळलेल्या रांगेत टाकतो. अमेरिकन किंवा ब्रिटिश उच्चारात मात्र शब्दाच्या सुरुवातीला झोत असतो. तुमची चाचणी आता आम्ही स्वतःवर रोज करतो: टिश्यूची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर चार बोटांवर धरायची आणि ‘पेन’ म्हणायचं. पट्टी हलली पाहिजे. ‘स्पिन’ म्हणताना मात्र ती हलता कामा नये, कारण ‘एस’नंतर झोत नसतो, तिथे आपलं मराठी वळण आयतंच बरोबर पडतं. आपला दंत्य ‘थ’ ‘थिंक’साठी वापरला तर त्यांना ‘टिंक’ ऐकू येतं. आणि आपला जिभेची थाप देणारा ‘र’ हा तर हुबेहूब कोरियन ‘र’ आहे, म्हणजे जो फरक शिकवायचा तोच आपल्या तोंडून पुसला जातो.

‘बिग’ म्हटलं की ‘पिग’ का ऐकू येतं, हेही तेव्हाच उलगडलं. कोरियनमध्ये साध्या रांगेतल्या व्यंजनाला शब्दाच्या सुरुवातीला आपल्या ‘ब’सारखा घोष (घशातला कंप) नसतो, तो दोन स्वरांच्या मधे आल्यावर येतो. पूर्वी रोमन लिपीत पुसान आणि किंपो लिहिलं जायचं, २००० सालच्या नव्या पद्धतीत ते बुसान आणि गिंपो झालं. शहरं तीच, उच्चारही तोच. विद्यार्थ्याला ‘ब म्हण, ब’ असं दहादा सांगून उपयोग नाही. आधी ओठ मिटून ‘म्म्म’ करायला लावायचं, घशावर बोट ठेवून कंप जाणवू द्यायचा आणि तो कंप न तोडता ओठ उघडायचे: ‘म्म्म-बिग’. मग ‘म्म्म’ हळूहळू लहान करत न्यायचा.

सगळ्यात मोठा उपकार मात्र जादा स्वराच्या प्रकरणातला. कोरियन अक्षर चौकोनी ठोकळ्यात बसतं, आणि ठोकळ्याच्या सुरुवातीला दोन व्यंजनं एकापुढे एक राहत नाहीत. म्हणून ‘स्ट्राइक’चे पाच तुकडे होतात: सु-थु-रा-इ-खु. इथला ‘उ’ ओठ गोल न करता, दात किंचित दिसतील असा काढलेला. ‘ख्रिसमस’चेही पाचच. च, ज, श या आवाजांनी शब्द संपला तर शेवटी ‘इ’ येते: ओरेन्जी, मेशिजी. विद्यार्थी ‘बुक’ नीट म्हणतो आणि ‘केक’ला मात्र जादा स्वराचं शेपूट लावतो, हे कोडं बऱ्याच शिक्षकांना पडतं. त्याचं उत्तर १९८६ सालच्या परकीय शब्दांच्या लेखन-नियमांत आहे: ऱ्हस्व स्वरानंतरचा अघोष प, ट, क ठोकळ्याच्या तळाशी बंद लिहायचा, एरवी खाली स्वर जोडायचा. विद्यार्थी लहानपणापासून जसं वाचत आला, तसंच बोलतो. म्हणूनच इंग्रजी शब्दाखाली हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, उच्चार लिहून घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून बंद करायला तुम्ही सांगितलंत. ते थोडं कठोर वाटतं, पण पर्याय नाही. वहीत तो ठोकळा राहिला की तोंडातही राहतो.

उपाय तुमच्या टिपणात आहे तोच, क्रम न बदलता. आधी टेबलावर टिचकी: जितके स्वर, तितक्या टिचक्या. ‘स्ट्राइक’ला एकच, कारण ‘आइ’ हा मिळून एकच स्वर. मग घशावर बोट ठेवून दोन सेकंद नुसता ‘स्स्स’. कंप शून्य हवा. त्यालाच जोडून ‘स्स्स-टॉप’. मधेच बोटाला कंप लागला तर स्वर घुसला, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच कळतं, शिक्षकाने सांगावं लागत नाही. शब्दाच्या शेवटासाठी कोरियनची स्वतःची सवय कामाला लावायची. त्या भाषेत अंत्य व्यंजन पुढच्या स्वरावर सरकतं, म्हणून ‘डेस्क इज’ हे ‘डेस-किज’ असं म्हणायला दिलं की शेपूट आपोआप गळतं. ते पक्कं झाल्यावर ‘इज’ फक्त कुजबुजायचं आणि शेवटी काढून टाकायचं. थेट सुटा ‘डेस्क’ घोटायला बसलं की मात्र गाडं अडतं.

दुसरी गोष्ट मराठी शिक्षकाला फार लवकर कळते, कारण ती आपण शाळेत संधी म्हणून पाठ केलेली असते. वाक् + मय = वाङ्मय, जगत् + नाथ = जगन्नाथ. कोरियनमध्ये हाच नियम आजही रोजच्या बोलण्यात चालतो. मालिका बघणाऱ्या सगळ्यांना ‘कामसाहाम्निदा’ ठाऊक असतं. लिहिताना तिथे ‘हाप्-नि-दा’ असतं, ‘न’च्या शेजारामुळे ‘प’चा ‘म’ होतो. हीच संधी इंग्रजीत शिरली की ‘पिक मी’चं ‘पिंग मी’, ‘गुड मॉर्निंग’चं ‘गुन मॉर्निंग’ आणि ‘स्टॉप नाउ’चं ‘स्टॉम नाउ’ होतं. बोलणाऱ्याला ते अजिबात जाणवत नाही. ‘न’ आणि ‘ल’ शेजारी आले की दोन्ही ‘ल’: ओन्लीचं ओल्ली. आणि ‘र’सुद्धा ‘ल’च्याच खात्यात पडत असल्यामुळे हेन्रीचं हेल्ली.

यावरची तुमची नाक दाबण्याची युक्ती विद्यार्थ्यांना भलतीच आवडते. ‘गुड’ म्हणून जीभ जागेवर ठेवायची, एक सेकंद थांबायचं आणि मग ‘मॉर्निंग’. थांबलेल्या क्षणी नाक चिमटीत धरायचं. आवाज आधीच बंद झालेला असेल तर काही फरक पडत नाही. ‘गुन’ झालं असेल तर नाकात गुणगुणणारा आवाज तिथल्या तिथे तुटतो. मग थांबा अर्ध्या सेकंदावर, पाव सेकंदावर आणत नेहमीच्या वेगाला यायचं. वेग वाढवताना चूक परत येते, ती दर वेळी येणारच. तेव्हा एक पायरी मागे जायचं, दोन नाही.

एफच्या बाबतीत ‘फॅन’ आणि ‘पॅन’, ‘फाइल’ आणि ‘पाइल’, एवढंच काय ‘फॅशन’ आणि ‘पॅशन’ ही जोडीसुद्धा हांगुलमध्ये एकसारखीच लिहिली जाते. खालचा ओठ वरच्या दातांना हलकेच टेकवून आवाज तीन सेकंद लांबवायला सांगायचं. एफ लांबतो, पी लांबत नाही, कसोटी एवढीच. पण तुम्ही दिलेली सूचना बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: एफ आला की पुढचे काही तास विद्यार्थी ‘पीपल’चं ‘फीपल’ करू लागतो. म्हणून दोन्ही आवाज असलेली वाक्यं त्याच तासात द्यायची. झेडसाठी ‘स्स्स’ चालू ठेवून मधेच घसा सुरू करायचा. झेड ‘ज’कडे पळतो, कारण जीभ वर टाळूला चिकटते, ‘स्स्स’ न तोडणं हाच त्यावरचा इलाज.

‘एल’ आणि ‘आर’बद्दल सरसकट रड असते, पण प्रश्न मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीचा आहे. शब्दाच्या मधे एल असला तर हांगुलमध्ये ते अक्षर दुहेरी येतं, म्हणून ‘फ्लाय’ आणि ‘फ्राय’ विद्यार्थी वेगळे ऐकतो आणि म्हणतोही. ‘लाइट’ आणि ‘राइट’ मात्र एकच. तेव्हा जिथे जमतं तिथून सुरुवात: ‘ऑल लाइट’ म्हणत एल धरून ठेवायचा आणि ‘ऑ’ गाळायचा. आरसाठी ओठ गोल करून ‘ऊ’पासून निघायचं आणि जिभेचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही.

स्वरांपैकी ‘बॅड–बेड’ आणि ‘शिप–शीप’ याच जोड्या आधी घ्याव्यात. ‘बॅग–बॅक’मध्ये शेवटच्या व्यंजनाच्या मागे न लागता ‘बॅग’चा स्वर लांबवायला सांगावं, फरक तिथेच ऐकू येतो. ‘वुड’चा नुसता ‘उड’ आणि ‘यीअर’चा ‘इअर’ होतो, कारण व आणि उ, य आणि ई अशी जुळणी कोरियनमध्ये नाही. टीएचवर महिने घालवणारे शिक्षक आम्ही पाहतो; आमच्या मते तो शेवटी घ्यावा, कारण त्याच्यामुळे समजण्यात फारसं काही अडत नाही.

यंत्राबद्दल तुम्ही फटकारलंत तेही बरं झालं. ब्लूटूथ हेडफोनचा माइक कॉलमध्ये सुरू झाला की आवाज टेलिफोनसारखा अरुंद होतो, आणि एस, एफ, टीएच यांचा फरक नेमका वरच्या पट्टीत असतो, तोच कापला जातो. वायरचा हेडसेट वापरायचा. झूममधली गोंगाट दाबणारी सोय नेमके हेच आवाज ‘गोंगाट’ समजून खाते. तिथे ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायचं. दिवा चेहऱ्यासमोर, कॅमेरा ओठांच्या उंचीवर. कोरिया आपल्यापुढे साडेतीन तास: सोलमध्ये रात्रीचे ९ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५:३०, नोकरदारांसाठी हीच वेळ सोयीची.

संभाषणाचा भाग वेगळा. तिथल्या महाविद्यालय प्रवेश परीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न, त्यांतले १७ श्रवणाचे (त्या वेळेत देशभर विमानांची उड्डाणं थांबवतात), पण बोलण्याचा एकही नाही. म्हणून शब्दसंपत्ती भरपूर आणि तोंड बंद. पूर्ण वाक्य मनात जुळेपर्यंत विद्यार्थी गप्प राहतो. पाच-सहा सेकंदांची ती शांतता शिक्षकाने भरू नये. वाक्य चालू असताना टोकू नये, चुका कागदावर टिपाव्यात आणि शेवटी त्यांतल्या तीनच सांगाव्यात. ‘समजलं का?’ विचारलं की उत्तर हमखास हो. त्याऐवजी तेच परत म्हणून दाखवायला सांगावं. नकारार्थी प्रश्न टाळावेत: ‘तुला आवडत नाही का?’ला कोरियन माणूस ‘हो’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर, नाही आवडत’. आपणही मराठीत ‘हो, नाही आवडत’ म्हणतोच, त्यामुळे इंग्रजीत दोघांचाही घोळ. ‘सर्व्हिस’ म्हणजे फुकट मिळालेली वस्तू आणि ‘कनिंग’ म्हणजे परीक्षेतली कॉपी, असे तिथले शब्दही शिक्षकाला माहीत हवेत, नाहीतर संभाषण भलतीकडे जातं.

मॅडम, हे सगळं तुम्ही सवडीने, एक पैसाही न घेता समजावलंत, आणि रात्री उशिरा पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरही सकाळी उत्तर दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. जोड्यांची यादी आम्ही टंकून वाढवली आहे; जिथे शंका आहे तिथे लाल खूण केली आहे, तेवढं नजरेखालून घाला. आणि एक विनंती. तुमची टिपणं सोलच्या बोलीवर बेतलेली आहेत. बुसानकडच्या बोलीत शब्दांचे चढ-उतार वेगळे असतात आणि जुन्या पिढीत दोन स्वर एकात मिसळलेले असतात. त्या भागातले विद्यार्थी आता येऊ लागलेत. दिवाळीनंतर जमलं तर त्यावर एक तास घ्याल का? रविवारची सकाळ आम्हा सगळ्यांना चालेल.

तुमचे कृतज्ञ,
ऑनलाइन शिकवणारे आम्ही सगळे