ब्रेकची वीज आणि खान्देशचे ऊन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हलक्या रेल्वेचा, म्हणजे ट्रामसारख्या गाड्यांचा विषय निघाला की ‘ब्रेक लावला की वीज परत मिळते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते खोटे नाही. पण किती मिळते, कुठे ठेवायची आणि मे महिन्यात तिचे काय होते, हे पाहिल्याशिवाय जळगाव-धुळ्यासाठी गाडी निवडणे धोक्याचे आहे.

प्रवाशांसह ४० टनांची ट्राम ताशी ५० किलोमीटरने धावत असताना तिच्यात साधारण १.१ युनिट गतिज ऊर्जा असते. थांब्यावर ती बारा-तेरा सेकंदांत काढून घ्यायची असते आणि ब्रेकच्या पहिल्या क्षणी सहाशे किलोवॉटचा लोंढा येतो. गिअर, मोटर, कन्व्हर्टर आणि साठवणीतला येता-जाता होणारा तोटा वजा करता गाडी पुन्हा उचलायला फार तर ०.६ ते ०.७ युनिट उरते.

भुसावळला दिसणाऱ्या थ्री-फेज इंजिनांना असा साठा लागत नाही. २५ हजार व्होल्टच्या एसी तारेतून वीज दुसऱ्या गाडीला किंवा ग्रीडला जाते. ट्रामची तार बहुधा ७५० व्होल्ट डीसी असते आणि सबस्टेशनमधले डायोड रेक्टिफायर, म्हणजे एसीची डीसी करणारी यंत्रे, वीज उलटी जाऊ देत नाहीत. त्याच टप्प्यात दुसरी गाडी वीज ओढत नसेल, तर तारेचा दाब ९०० व्होल्टपर्यंत चढतो आणि उरलेली ऊर्जा छतावरच्या रेझिस्टरमध्ये जळून जाते. दहा-पंधरा मिनिटांनी एक गाडी असेल तिथे हे रोजचेच. म्हणून साठा गाडीतच हवा.

एवढा लोंढा ५० युनिटच्या बॅटरीत घालणे म्हणजे तासाभरात भरायच्या दराच्या बारापट दराने ती भरणे. साधी लिथियम बॅटरी असे फार दिवस सोसत नाही. सुपरकपॅसिटर, म्हणजे झटकन भरणारे-रिकामे होणारे वीज साठवण्याचे साधन, लाखो वेळा सोसतो, पण वजनाच्या मानाने ऊर्जा फार कमी धरतो. १२५ व्होल्ट, ६३ फॅरडचे सुमारे ६० किलोचे मॉड्यूल ०.१४ युनिटचे, व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत वापरले तर त्यातले ०.१ युनिट हाती येते. अशी आठ-नऊ मॉड्यूल लागतील. शिवाय नियंत्रणाचा प्रोग्राम नीट हवा : गाडी वेगात असताना साठा रिकामा, थांबलेली असताना भरलेला. हे उलटले की भरलेल्या साठ्याला ब्रेकची वीज घेता येत नाही आणि ती पुन्हा रेझिस्टरमध्ये जाते.

आता उन्हाचा मुद्दा. सेलचे तापमान दहा अंशांनी वाढले की सुपरकपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, आणि हे डबे बसवायचे छतावर! पंख्यांच्या जाळ्या धुळीने बुजल्या की आधी मधले सेल तापतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या सेलचे व्होल्टेज सारखे राखणे, बिघडते आणि शेवटी सगळी माळ बंद पडते. कतारमधल्या दोहाच्या एज्युकेशन सिटीत २०१९ पासून तारेविना, गाडीतल्या साठ्यावर ट्राम धावतात. म्हणजे उष्णतेवर उपाय आहे, फक्त तो खरेदीच्या आधी मागावा लागतो.

त्यात एसी. त्याचा भार ३० किलोवॉट धरला तर दोन मिनिटांत एक युनिट संपते. एका ब्रेकमधून हाती येणाऱ्या विजेपेक्षा हे जास्त आहे! त्यामुळे थांबे अर्ध्या किलोमीटरवर असतील तर साठ्याचा खर्च निघेल. जळगाव-भुसावळसारख्या लांबलांबच्या थांब्यांच्या मार्गावर निघणे कठीण. तिथे तोच पैसा वीज ग्रीडला परत देणाऱ्या सबस्टेशनवर घालणे मला जास्त शहाणपणाचे वाटते.

निविदेत साठ्याची कागदावरची नव्हे, वापरता येणारी क्षमता लिहून घ्यावी, तीही ५० अंश बाहेरच्या तापमानाला आणि आयुष्याच्या अखेरीस, म्हणजे क्षमता २० टक्के घटल्यावरची. बचतीची चाचणी मेमध्ये दुपारी, गाडी भरलेली आणि एसी चालू ठेवून, सबस्टेशनच्या मीटरवर घ्यावी.

आपला,
एक वाचक, भुसावळ