आयर्विनला पाणी किती?

मानहाइम, जर्मनी
२० जुलै

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र बाबा तुला वाचून दाखवतील, म्हणून अक्षर सुटं काढते आहे. सकाळी फोनवर बाबांना आधी आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाचंच, "आयर्विनला पाणी किती?" असं विचारलं. अजून कृष्णा पात्रातच आहे म्हणाले, तेव्हा जिवाला बरं वाटलं आणि लिहायला बसले.

शनिवारी हायडेलबर्गला जाऊन आले. इथून रेल्वेने जवळच आहे. तिथली नदी नेकर. ती पुढे आमच्या मानहाइमला येऊन ऱ्हाइनला मिळते, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तशी. म्हणजे तुझी नात इथेही संगमावरच राहते.

जुनं गाव डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय. वर लाल दगडाचा पडका किल्ला. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ साली गावाची राखरांगोळी केली, त्यामुळे बहुतेक घरं त्यानंतरची. एका कापड व्यापाऱ्याचा १५९२ सालचा वाडा तेवढा त्यातून वाचला, त्याच्या दर्शनी भिंतीवरचं कोरीवकाम बघत मी बराच वेळ थांबले. किल्ल्यात दोन लाख लिटरहून मोठं दारूचं लाकडी पिंप आहे, तेही पाहिलं. पण माझं सगळं लक्ष होतं पुलाकडे.

पूल लाल दगडाचा आणि कमानींचा. गावाच्या बाजूला दोन गोल बुरुजांचा दरवाजा आहे. त्याच जागेवरचा हा नववा पूल. आधीचे दगडी खांबांवरचे लाकडी पूल एकेक करून गेले. शेवटचा गेला १७८४ च्या फेब्रुवारीत, आणि तोही बर्फाने! पूर म्हणजे आषाढ-श्रावण आणि कोयनेतून सोडलेलं पाणी, एवढंच आपल्याला ठाऊक. इथे त्या वर्षी थंडी भयंकर पडली होती, नदी गोठली होती. मग एकदम ऊब आली, बर्फ फुटला आणि घराएवढे तुकडे पाण्याबरोबर पुलावर येऊन आदळले. पुढे चार वर्षांत, १७८८ साली, हा दगडी पूल उभा राहिला.

आजी, पुलाच्या पायाशी दगडात पुराच्या रेघा कोरल्यात. प्रत्येकीपुढे साल. १७८४ ची सगळ्यांत वर, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. ती बघताना मला आपल्या गावभागातल्या घराची माजघराची भिंत आठवली. आजोबांनी २००५ साली खिळ्याने ओढलेली रेघ आणि तिच्याजवळ त्यांच्या हाताने लिहिलेली तारीख. तिथेच उभी राहून मी रडले.

आता नदीवर ठिकठिकाणी बंधारे आहेत, मोठमोठ्या मालबोटी दारं पार करत जातात. तरी पाणी चढलं की आधी काठचा रस्ता बुडतो. आपल्याकडे सूर्यवंशी प्लॉटात पाणी शिरलं की पूर आला हे कळतं ना, तसंच.

पाण्याला पुरून उरलेला हा पूल युद्धात मात्र माणसांनी पाडला. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच सुरुंग लावून त्याच्या कमानी उडवल्या. १९४७ च्या जुलैत तो पुन्हा तसाच बांधून झाला. आपल्याकडे स्वातंत्र्य येत होतं तेव्हा इथली माणसं एकेक दगड चढवत होती.

आणखी एक, खास तुझ्यासाठी. इथलं विद्यापीठ १३८६ सालचं, जर्मनीत सगळ्यांत जुनं. तिथे सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते, १९९२ साली वारले. त्यांनी महाराष्ट्रात धनगरांबरोबर राहून ओव्या टिपून घेतल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. आरेवाडीच्या बनात तू मला कडेवर घेऊन जायचीस, त्या बिरोबाचं नाव या नदीकाठी कुणीतरी इतक्या आस्थेने घेतलंय. ऊर भरून आला.

पुलाच्या तोंडाशी ब्राँझचं माकड आहे, हातात आरसा धरलेलं. त्याची बोटं शिवली की माणूस पुन्हा इथे येतो म्हणतात. मी शिवले नाही. मनात आलं, तुला घेऊन येईन तेव्हा दोघी मिळून शिवू.

आता काम सांगते. दिवाळीआधी घराला रंग द्यायचाय असं बाबा म्हणत होते. माजघरातली आजोबांची रेघ रंगाऱ्याला झाकू देऊ नका, तेवढी पट्टी मोकळी ठेवा. आणि २०१९ ला आयर्विनवर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्याची रेघ ओढायला आजोबा नव्हते. पाणी देवघराच्या कोनाड्यापर्यंत आलं होतं, नेमकं कुठवर ते तुलाच ठाऊक. तू बोट ठेव आणि बाबांच्या हातून खिळ्याने रेघ ओढून घे. तारीखही घाला.

तुझी नात,
मनू