बायबल एक की दोन?

महोदय,

नाताळ जवळ आला की शेजारीपाजारी मला हमखास विचारतात, ‘तुमच्यात बायबलही वेगवेगळं असतं म्हणे?’ प्रश्न रास्त आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. बायबलच्या दोन भागांपैकी नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे. तोबीत, युदीथ, मक्काबींची दोन पुस्तके अशी सात पुस्तके ग्रीक भाषांतरात होती, यहुद्यांच्या हिब्रू संग्रहात नव्हती. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५३४च्या जर्मन बायबलमध्ये ती फेकून दिली नाहीत, दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली. हे फारसे कुणी सांगत नाही. पुढे १५४६मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने ती पुस्तके पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचे ठरवले.

दुसरा नेहमीचा प्रश्न बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचा. नव्या करारातल्या मत्तयच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात ते राजे नाहीत, पूर्वेकडचे ज्ञानी आहेत आणि त्यांची संख्याही दिलेली नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून लोकांनी माणसेही तीन धरली. शिवाय ते गोठ्यात नव्हे, घरात आले. आमच्या वसईतल्या गोठ्याच्या देखाव्यांत मात्र ते मेंढपाळांशेजारीच उभे असतात, आणि दरवर्षी उंटाला रंग देणाऱ्यांत मीही असतो. २५ डिसेंबर ही तारीखसुद्धा बायबलमध्ये कुठेच नाही.

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हा प्रश्न मी टाळतो. तो चहाच्या कपावर सुटणारा नाही.

– एक वाचक, वसई